शेवटच्या राउंडला डिफेन्स घ्यायचा, पण कुठला?

तुझा प्रश्न थोडक्यात असा होता: बारा जणांची फँटसी फुटबॉल लीग (एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू आपल्या कागदी टीममध्ये घ्यायचे आणि मैदानावरच्या त्यांच्या खेळाचे पॉइंट आपल्याला), ड्राफ्ट म्हणजे आळीपाळीने निवड लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या रविवारी, गेल्या वर्षी तू नवव्या राउंडलाच यादीतला एक नंबरचा डिफेन्स (एका टीमचा अख्खा बचाव मिळून एकच निवड) उचललास, सहाव्या आठवड्यात वैतागून सोडून दिलास, आणि ज्याने लीग जिंकली त्याचा डिफेन्स तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाच नव्हता. तर असे कुणाच्या नजरेत नसलेले डिफेन्स आधी ओळखता येतात का? दादा म्हणून विचारलंस म्हणून हातचं काही न राखता सांगतो. येतात. दर वेळी नाही, पण तीनातून दोनदा चांगला निघाला तरी खूप झालं कारण तो आपल्याला पडतो शेवटच्या राउंडच्या भावात. मी २०१० पासून इथे न्यू जर्सीत एडिसनला आमच्या मंडळातल्या मित्रांच्या लीगमध्ये खेळतोय, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) निवडण्यात मी इतरांपेक्षा काही फार पुढे नाही, पण डिफेन्सवर मी दरवर्षी ऑगस्टमध्ये दोन संध्याकाळ घालवतो आणि त्या दोन संध्याकाळी वसूल होतात हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

आधी स्कोअरिंग नीट वाच, कारण निम्म्या लोकांचं इथेच चुकतं. बहुतेक लीगमध्ये सॅकला (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास सुटायच्या आधी पाडणं) १ पॉइंट, इंटरसेप्शनला (समोरच्याचा पास आपण पकडणं) २, समोरच्याचा फंबल झालेला, म्हणजे हातातून सुटलेला, बॉल आपल्याकडे आला तर २, सेफ्टीला (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडणं) २, किक अडवली तर २ आणि डिफेन्सने किंवा स्पेशल टीमने (किकच्या वेळी मैदानात असणारे) टचडाउन केलं, म्हणजे बॉल गोलरेषेपार नेला, तर ६. मग किती पॉइंट खाल्ले, म्हणजे समोरच्याला करू दिले, त्याचे वेगळे: शून्यावर ठेवलं तर १०, १ ते ६ ला ७, ७ ते १३ ला ४, १४ ते २० ला १, २१ ते २७ ला काहीच नाही, २८ ते ३४ ला उणे १ आणि ३५ किंवा जास्त खाल्ले तर उणे ४. आता हे जरा थांबून बघ. एनएफएलच्या बऱ्याचशा मॅचेसमध्ये टीम १४ ते २७ च्या मध्येच कुठेतरी पॉइंट खाते. म्हणजे एका डिफेन्सने १७ खाल्ले आणि दुसऱ्याने २४ खाल्ले, टीव्हीवर पहिल्याचं कौतुक, दुसऱ्यावर टीका, पण आपल्या हिशोबात फरक किती, तर एक पॉइंट. एका सॅकएवढा! म्हणून "चांगला डिफेन्स" आणि "आपल्याला पॉइंट देणारा डिफेन्स" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी डोक्यात पक्कं बसव, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

याचं मला सगळ्यात जवळून आठवणारं उदाहरण म्हणजे २ डिसेंबर २०२४ ची सोमवार रात्रीची मॅच, डेन्व्हर ब्रॉंकोज विरुद्ध क्लीव्हलंड ब्राउन्स. आमच्या लीगमध्ये त्या आठवड्यात मी मागे होतो आणि माझा फक्त ब्रॉंकोजचा डिफेन्स उरला होता, बायको मुलं झोपलेली, मी आवाज बारीक करून हॉलमध्ये बसलोय, आणि ब्राउन्सचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन ब्रॉंकोजला अक्षरशः धुतोय. ४९७ यार्ड पास केले त्याने त्या रात्री, जेरी ज्यूडीने आपल्याच जुन्या टीमविरुद्ध २३५ यार्ड काढले, ब्राउन्सचे ३२ पॉइंट झाले. कुठल्याही कोचला लाज वाटेल असे आकडे. पण विन्स्टनने तीन इंटरसेप्शन दिली आणि त्यातली दोन थेट टचडाउनला गेली, एक निक बोनिटोने नेलं आणि दुसरं शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा जाक्वान मॅकमिलियनने. मोज: तीन इंटरसेप्शनचे ६, दोन टचडाउनचे १२, बत्तीस खाल्ल्याचा उणे १, झाले १७, सॅक आणखी वेगळे. साडेअकरा वाजून गेले होते, मी सोफ्यावरून उठून उभाच राहिलो होतो. त्या रात्री ब्रॉंकोज डिफेन्स वाईट खेळला आणि मला आठवडा जिंकून दिला, कारण समोर विन्स्टन होता. हाच विन्स्टन २०१९ मध्ये टँपा बेकडून खेळताना एका सीझनमध्ये ३० इंटरसेप्शन देऊन बसला होता, त्यातली सात टचडाउनला गेली. माणूस तोच, सवय तीच.

आता मुद्द्याचं. ड्राफ्टमध्ये डिफेन्सची किंमत ठरते गेल्या वर्षीच्या एकूण पॉइंटवर. लोक साइटवरची यादी बघतात, वरचं नाव उचलतात. पण गेल्या वर्षीच्या त्या पॉइंटमध्ये दोन प्रकारचा माल मिसळलेला असतो, एक जो पुढच्या वर्षी बऱ्यापैकी टिकतो आणि एक जो टिकत नाही. टिकतो तो पास रश, म्हणजे क्वार्टरबॅकवर सतत दबाव आणणं आणि त्यातून येणारे सॅक. टिकत नाहीत ती डिफेन्सची टचडाउन्स आणि उचललेले फंबल. बॉल जमिनीवर पडला की तो कुणाच्या हाताखाली जाईल हे कुणालाच सांगता येत नाही, लांबट बॉल, कसाही उडतो, जवळजवळ निम्मे इकडे निम्मे तिकडे. इंटरसेप्शन मध्ये कुठेतरी येतं, थोडं कौशल्य, बराच समोरच्याचा मूर्खपणा, आणि खूपसं नशीब.

शिकागो बेअर्सचे दोन सीझन शेजारी शेजारी ठेव. २०१८ ला त्यांनी ३६ टेकअवे केले (इंटरसेप्शन आणि उचललेले फंबल मिळून हिसकावलेले बॉल), लीगमध्ये सगळ्यात जास्त, त्यात २७ इंटरसेप्शन, ५० सॅक, आणि अख्ख्या सीझनमध्ये खाल्ले फक्त २८३ पॉइंट. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये साहजिकच तो पहिला डिफेन्स जात होता, आमच्याकडे एकाने आठव्या राउंडला घेतला. २०१९ ला त्यांनी पॉइंट किती खाल्ले? २९८. म्हणजे सोळा मॅचमध्ये मिळून फक्त पंधरा पॉइंट जास्त, मैदानावर डिफेन्स अजूनही लीगमधल्या उत्तम डिफेन्सपैकीच. पण टेकअवे ३६ वरून १९ वर आले आणि सॅक ५० वरून ३२ वर, आणि फँटसीत त्याचं पार पाणी झालं. ज्याने घेतला तो मित्र सीझनभर म्हणत होता की अरे पण डिफेन्स चांगलाच खेळतोय की! खेळतच होता. पैसे मात्र त्याने गेल्या वर्षीच्या इंटरसेप्शनचे मोजले होते.

दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मी जायंट्सचा माणूस, १० सप्टेंबर २०२३ ला रात्री मेटलाइफ स्टेडियममध्ये पावसात भिजत बसलो होतो, सीझनची पहिली मॅच, काउबॉइजविरुद्ध. पहिल्याच ड्राइव्हला आपण फील्ड गोलपर्यंत छान पोचलो, किक अडवली गेली आणि ती ५८ यार्ड पळवून टचडाउन. थोड्या वेळाने सॅक्वॉन बार्कलीकडे साधा छोटा पास, ट्रेव्हॉन डिग्सने त्याला धडक दिली, बॉल हातातून वर उडाला आणि नेमका डॅरॉन ब्लँडच्या हातात पडला, तोही टचडाउन. मॅच ४० विरुद्ध शून्य. ज्यांच्याकडे काउबॉइजचा डिफेन्स होता त्यांना त्या एका रात्रीत तिसाच्या वर पॉइंट मिळाले. पण मी तो बॉल हवेत उडताना बघितलाय, तो हातभर इकडे पडला असता तर नुसता इनकम्प्लीट पास होता. ब्लँडने त्या वर्षी अशी पाच इंटरसेप्शन टचडाउनला नेली, एनएफएलचा रेकॉर्ड. आता रेकॉर्ड म्हटल्यावर तो पुढच्या वर्षी परत होणार नाही हे उघड आहे, तरी २०२४ च्या ड्राफ्टमध्ये काउबॉइज वरच्या नावांत होते. आणि दरम्यान काय झालं होतं? ज्याने तो डिफेन्स बांधला तो कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्सचा कोच, डॅन क्विन हेड कोच म्हणून वॉशिंग्टनला निघून गेला होता, ब्लँडच्या पायाचं हाड ऑगस्टमध्ये दुखावलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात सेंट्सने त्यांच्या घरी येऊन ४४ पॉइंट मारले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे दरवर्षी दोन-तीन डिफेन्सच्या बाबतीत होतं, तुझ्या बाबतीत गेल्या वर्षी झालं ते हेच.

मग आता हाच हिशोब उलटा लाव, स्वस्त माल तिथेच सापडतो. असा डिफेन्स शोध जो गेल्या वर्षी मैदानावर नीट खेळला, यार्ड कमी दिले, दबाव आणला, पण बॉल मात्र हाती लागला नाही. २०१६ चे जॅक्सनव्हिल जॅग्वार्स घे. टीम ३-१३ (तीन जिंकल्या, तेरा हरल्या), सगळीकडे हेटाळणी, अख्ख्या सीझनमध्ये टेकअवे फक्त १३. पण यार्डांच्या हिशोबात तो डिफेन्स लीगमधल्या पहिल्या दहात होता! त्यावर त्यांनी २०१७ च्या मार्चमध्ये कॅलेस कँपबेल आणि ए. जे. बुये हे दोघं आणले, जेलन रॅमझी आदल्या वर्षीच आलेला. ड्राफ्टमध्ये मात्र ३-१३ बघून लोक पुढे सरकत होते. पहिल्याच आठवड्यात ह्यूस्टनला जाऊन त्यांनी १० सॅक काढले, सीझन संपेस्तोवर ५५ सॅक आणि ३३ टेकअवे. ज्याने घेतला त्याला शेवटच्या राउंडमध्ये मिळालेला होता. टीम किती मॅच हरली हा आकडा क्वार्टरबॅक वाईट असला तरी खराब दिसतो, डिफेन्सच्या माथी तो मारू नकोस.

अजून एक डोळे उघडणारी गोष्ट म्हणजे सीझनची सरासरी फसवते, सीझन मधून कापून बघायचा. परत ब्रॉंकोज. २४ सप्टेंबर २०२३ ला मायामीने त्यांना ७० पॉइंट मारले, ७०-२०, तो स्कोअर लोकांच्या डोक्यात इतका घट्ट बसला की पुढचं कुणी बघितलंच नाही. त्याच टीमने २९ ऑक्टोबरला चीफ्सला ९ पॉइंटवर रोखलं आणि पाच वेळा बॉल हिसकावला, पुढच्याच मॅचला बफेलोत जाऊन बिल्सना हरवलं. म्हणजे ऑक्टोबरनंतरचा डिफेन्स वेगळाच होता, कोऑर्डिनेटर व्हॅन्स जोसेफ तोच राहिला, पॅट्रिक सर्टेन तोच, पण सीझनच्या एकूण आकड्यांत ते ७० पॉइंट कायमचे बसलेले. २०२४ ला रूकी (पहिल्याच वर्षीचा) क्वार्टरबॅक म्हणून टीमकडून कुणाला अपेक्षा नव्हती, आमच्या लीगमध्ये ब्रॉंकोज ड्राफ्टच झाले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात टँपाला २६-७ हरवलं, त्यांचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डला सात वेळा पाडलं, त्या मंगळवारी रात्री मी वेव्हरला (कुणीच न घेतलेल्यांची यादी) अर्ज टाकला आणि ते मला मिळाले. सीझनअखेर ६३ सॅक, लीगमध्ये सर्वात जास्त, सर्टेन डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. खरं तर मी त्यांना ड्राफ्टमध्येच घ्यायला हवं होतं, माझ्या यादीत ते सहाव्या नंबरवर होते आणि मी पाचव्यापर्यंतच थांबलो.

गेल्या वर्षीनंतर काय बदललं हे बघणं हा पुढचा भाग, आणि इथे बाजार फार हळू जागा होतो. मी फक्त तीन गोष्टी बघतो: कोऑर्डिनेटर बदलला का, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) आला की गेला, आणि बाकी कुणी कॉर्नर-सेफ्टी (मागे राहून पास अडवणारे). या क्रमानेच. २०२० ला काउबॉइजने ४७३ पॉइंट खाल्ले होते, त्यांच्या इतिहासात सर्वात जास्त, म्हणजे २०२१ ला कोण हात लावणार. पण डॅन क्विन त्या जानेवारीत आला होता आणि एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला मायका पार्सन्स घेतला होता. निकाल: ३४ टेकअवे, लीगमध्ये पहिला नंबर, डिग्सची एकट्याची ११ इंटरसेप्शन, पार्सन्सचे पहिल्याच वर्षी १३ सॅक. आता अकरा इंटरसेप्शन होणार हे आधी कुणीही सांगू शकत नव्हतं, मीही नाही, पण हा डिफेन्स ४७३ पॉइंटवाला उरलेला नाही एवढं मात्र जुलैतच दिसत होतं. तसंच फिलाडेल्फिया ईगल्सचं, २०२१ ला त्यांचे सॅक फक्त २९, लीगमध्ये तळाजवळ. २०२२ ला एज रशर हासन रेडिक आला, आणि सॅक झाले ७०! रेडिकचे १६ आणि आणखी तिघांचे प्रत्येकी ११. एक चांगला रशर आला की समोरची, क्वार्टरबॅकला वाचवणारी ऑफेन्सिव्ह लाइन त्याच्याकडे दोन माणसं लावते आणि मग बाकीचे मोकळे सुटतात, म्हणून एका माणसाने आकडा एवढा उडी मारतो. कॉर्नर आल्याने असं सहसा होत नाही.

आणि यातूनच एक व्यवहाराची गोष्ट, ड्राफ्ट जमेल तितका उशिरा ठेवा. एज रशर खलील मॅक बेअर्सकडे गेला १ सप्टेंबर २०१८ ला. मायका पार्सन्स ग्रीन बे पॅकर्सकडे गेला २८ ऑगस्ट २०२५ ला. दोन्ही वेळा सीझन सुरू व्हायला आठवडाभर उरलेला, आणि ज्या लीगचे ड्राफ्ट आधीच उरकले होते तिथे तो डिफेन्स वेव्हरवर फुकट पडलेला होता किंवा अगदी शेवटी गेलेला होता. तुमचा ड्राफ्ट लेबर डेच्या आधी आहे म्हणजे बरं आहे, पण ड्राफ्ट झाल्यावरही पहिल्या गुरुवारपर्यंत बातम्या बघत राहा, अशी बातमी आली की त्याच मिनिटाला शेवटचा किकर किंवा बेंचवरचा शेवटचा माणूस सोडून तो डिफेन्स उचलायचा, विचार नंतर करायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम, शेड्यूल. पण अख्ख्या सीझनचं नाही. लोक साइटवरचं "सोपं शेड्यूल, अवघड शेड्यूल" बघतात ते सतरा मॅचचं असतं, त्याचा उपयोग शून्य, कारण नोव्हेंबरमध्ये कुणाचा क्वार्टरबॅक कोण असेल हे ऑगस्टमध्ये देवालाही ठाऊक नसतं. मी फक्त पहिले चार आठवडे बघतो. डायनिंग टेबलवर एक मोठा कागद, डावीकडे ३२ टीम, चार रकाने, आणि प्रत्येक चौकोनात समोरच्या टीमचं नाव लिहायचं नाही तर समोरच्या क्वार्टरबॅकचं नाव लिहायचं. हे महत्त्वाचं आहे. "जायंट्स" लिहिलं की मेंदू काही बोलत नाही, क्वार्टरबॅकचं नाव लिहिलं की लगेच कळतं. मग हिरवं पेन, लाल पेन. हिरवं कुणाला: रूकी, बॉल हातात फार वेळ धरणारा, दुखापतीतून नुकताच परतलेला, आणि ज्याच्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये दोन-तीन नवे चेहरे आहेत असा. चारपैकी तीन हिरवे झाले की ती टीम यादीत. हे करायला मला एक संध्याकाळ आणि दोन कप चहा लागतो, बस.

बॉल धरून ठेवणाऱ्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण लोकांना वाटतं सॅक म्हणजे फक्त डिफेन्सचं कर्तृत्व. तसं नाही रे. सॅक हा क्वार्टरबॅकच्या स्वभावाचाही आकडा आहे. २०२३ ला वॉशिंग्टनचा सॅम हॉवेल ६५ वेळा पडला आणि २१ इंटरसेप्शन दिली, दोन्हीत लीगमध्ये पहिला. त्या वर्षी मी दर आठवड्याला फक्त एवढंच बघायचो की वॉशिंग्टन कुणाशी खेळतंय आणि तो डिफेन्स मोकळा आहे का. २०२४ ला शिकागोचा केलेब विल्यम्स, रूकी, ६८ वेळा पडला. काही क्वार्टरबॅक लाइन कितीही वाईट असली तरी बॉल झटकन सोडतात, त्यांच्यासमोर भल्याभल्यांना एखादाच सॅक मिळतो. क्रिकेटवाल्या माणसाला सांगायचं तर चेंडू सोडायचा की खेळायचा हे न कळणारा बॅट्समन समोर असला की साध्या बोलरलाही विकेट मिळते, तसंच.

पहिल्या आठवड्यांच्या शेड्यूलची कमाल बघायची तर २०१९ चे न्यू इंग्लंड पेट्रियट्स. ड्राफ्टमध्ये पहिले बेअर्स जात होते, पेट्रियट्सचा डिफेन्स बऱ्याच खाली. पहिल्या तीन मॅच: स्टीलर्सना ३ पॉइंटवर रोखलं, मायामीला ४३-० आणि त्यात दोन इंटरसेप्शन थेट टचडाउनला, मग जेट्स ज्यांचा क्वार्टरबॅक तेव्हा तिसऱ्या नंबरचा ल्यूक फॉक होता. सातव्या आठवड्यात परत जेट्स, ३३-०, सॅम डार्नोल्डची चार इंटरसेप्शन. त्या दोन महिन्यांत तो डिफेन्स चांगल्या चांगल्या रनिंग बॅकपेक्षा जास्त पॉइंट देत होता. डिफेन्स उत्तम होताच, स्टीफन गिलमोर त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह प्लेयर ठरला, पण समोर कोण येणार आहे हे एप्रिलमध्ये शेड्यूल लागलं तेव्हाच कागदावर होतं. तसंच २०२४ ला व्हायकिंग्ज, ब्रायन फ्लोरेसचा डिफेन्स, एज रशर दोन नवे आणलेले, ग्रीनार्ड आणि व्हॅन गिंकल, आणि पहिली मॅच आमच्या जायंट्सशी. मी जायंट्सचा माणूस असूनही व्हायकिंग्ज घेतले होते, शेवटून दुसऱ्या राउंडला. २८-६, व्हॅन गिंकलने डॅनियल जोन्सचा पास पकडून टचडाउन केलं. दुःख झालं आणि पॉइंटही मिळाले, दोन्ही खरं. सीझनअखेर त्या डिफेन्सची २४ इंटरसेप्शन होती.

जो डिफेन्स घेतोस त्या टीमचा ऑफेन्स (पॉइंट करणारी बाजू) कसा आहे हे पण बघ, हे बहुतेक लोक विसरतात. टीम पुढे असली की समोरच्याला पास करावाच लागतो, सगळ्यांना माहीत असतं की पास येणार, मग रशर मागेपुढे न बघता धावतात आणि सॅक-इंटरसेप्शन सगळं तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये पडतं. ईगल्सचे ते ७० सॅक यामुळेही होते, त्या सीझनला ते बहुतेक वेळ आघाडीवरच असायचे. उलट ऑफेन्स सारखा बॉल घालवत असेल तर डिफेन्सला वीस-तीस यार्डांवरून बचाव करावा लागतो, खेळाडू थकतात आणि पॉइंट खातात. म्हणून दोन डिफेन्स सारखेच वाटत असतील तर ज्याचा क्वार्टरबॅक बरा त्याला घ्यायचं, डोळे मिटून.

आणि आघाडी कोण घेईल हे कळायला बेटिंगवाल्यांचा आकडा वाच. पैसे लावायचे नाहीत, फक्त वाचायचा. समज एका मॅचचा ओव्हर-अंडर, म्हणजे दोन्ही टीमच्या एकूण पॉइंटचा अंदाज, ४१ आहे आणि तुझी टीम ६ पॉइंटने फेवरिट. ४१ मधून ६ वजा, ३५, त्याचे निम्मे साडेसतरा. म्हणजे समोरची टीम साधारण साडेसतरा पॉइंट करेल असा त्यांचा अंदाज. हा आकडा १८ च्या खाली आणि आपली टीम घरी फेवरिट असेल तर तो डिफेन्स लावायला मी फारसा विचार करत नाही. २३ च्या वर गेला तर नाव कितीही मोठं असो, त्या आठवड्यात बाहेर. पहिल्या आठवड्याचे आकडे ड्राफ्टच्या कितीतरी आधी आलेले असतात, तू फक्त त्या कागदावर पहिल्या रकान्यात लिहून घे.

स्पेशल टीमवर वेळ घालवू नकोस. २००६ चा डेव्हिन हेस्टर, ज्याने रूकी असताना सीझनमध्ये सहा रिटर्न टचडाउन केली (समोरच्याची किक पकडून पळवत नेलेली), असा माणूस पिढीत एखादाच येतो. दोन टीममध्ये बरोबरी झाली तरच रिटर्नर कोण ते बघायचं.

ड्राफ्टच्या दिवशी. पंधरा राउंड असतील तर चौदावा किंवा पंधरावा, त्याआधी नाही. बारा जणांनी एकेक घेतला तरी ३२ पैकी २० डिफेन्स वेव्हरवर उरतात, मग नवव्या राउंडला ज्या जागी तिसरा रनिंग बॅक मिळतो ती जागा घालवायची कशाला? यादीत पाच-सहा नावं ठेव, एकावर जीव लावू नकोस, एक गेला तर दुसरा. सगळे जण अचानक डिफेन्स उचलायला लागतात तेव्हा आपला हात आवर, आमच्याकडे दरवर्षी अकराव्या राउंडला कुणीतरी पहिला घेतो आणि पाठोपाठ चार-पाच जण घाबरून घेतात, आणि त्या पाच मिनिटांत मला दोन चांगले रिसीव्हर (पास पकडणारे) मिळून जातात. साइटवरची यादी हा पण एक फायदाच आहे, ड्राफ्ट स्क्रीनवर जो डिफेन्स पंधराव्या नंबरच्या खाली आहे तो लोकांना दिसतच नाही, खाली सरकवून बघायचे कष्ट शेवटच्या राउंडला कुणी घेत नाही.

दोन डिफेन्स ठेवायचे का असं तू विचारलं होतंस. सप्टेंबरमध्ये नाही, ती बेंचची जागा एखाद्या रनिंग बॅकसाठी सोन्यासारखी असते. पण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा सण) सुमारास हो. प्लेऑफ बहुतेक लीगमध्ये १५, १६, १७ या आठवड्यांत असतात, तर बाराव्या आठवड्यात परत तोच कागद काढायचा, आता फक्त ते तीन रकाने, तेव्हा क्वार्टरबॅक कोण हे पक्कं माहीत असतं, आणि ज्या डिफेन्सला तिथे दोन हिरवे आहेत तो तीन आठवडे आधी उचलून बेंचवर बसवून ठेवायचा. सगळे शोधायला लागतात तेव्हा तो आपल्याकडे असतो.

आणि सोडायचं कधी? चार रकाने संपले की. पाचव्या आठवड्यात समोर मोठा क्वार्टरबॅक असेल तर घेतलेला डिफेन्स कितीही चालला असला तरी त्या आठवड्यासाठी दुसरा बघायचा. फक्त ब्रॉंकोजसारखा, दर आठवड्याला चार-पाच सॅक काढणारा सापडला तर मात्र धरून ठेवायचा, बाय वीकला, म्हणजे टीमच्या सुट्टीच्या आठवड्यालासुद्धा सोडायचा नाही, कुणीतरी टपलेलंच असतं.

तुझ्या लीगचं स्कोअरिंगचं पान मला पाठव. काही साइटवर दिलेल्या यार्डांचेही पॉइंट असतात आणि चारशेच्या वर गेलं की चांगलेच मायनस होतात, तसं असेल तर ब्राउन्सच्या मॅचसारख्या रात्रीचा हिशोब बदलतो आणि यादीतली एक-दोन नावं खाली-वर करावी लागतील. पहिल्या चार आठवड्यांचा कागद मात्र तूच कर, क्वार्टरबॅकच्या नावांनी, आणि फोटो काढून टाक, ड्राफ्टच्या आदल्या रात्री बसून बघू.